एकसष्ट युनिटांची बचत

परवा फोनवर एक पत्र आलं. ‘प्रिय विद्यार्थी, शाश्वत ऊर्जेच्या आपल्या मोफत अभ्यासक्रमाची नवी तुकडी सुरू होत आहे. मित्रमंडळींना जरूर कळवा.’ प्रिय विद्यार्थी म्हणजे मी. वय चौसष्ट, गुडघ्याला पट्टा, आणि निपाणीच्या एका वखारीत तंबाखूची प्रत ठरवण्यात सगळी हयात गेलेली. बाहेर आषाढाची झड लागली होती. चातुर्मास सुरू व्हायला आठवडा राहिला असेल. पत्र वाचलं आणि गेल्या वर्षीचे ते पावसाळी महिने आठवले. आठवले म्हणजे तरी काय, त्यांत आठवण्यासारखं फारसं काही घडलंच नव्हतं. पाऊस होता, फोन होता, आणि दर रविवारी संध्याकाळच्या आत पेपर द्यायचा होता.

गेल्या वर्षी फाल्गुनात विमल गेली. माझी बायको. सकाळी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आली, म्हणाली, ‘पाठ दुखतीया, जरा टेकते,’ आणि टेकली ती उठलीच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. लोक आले, बसले, गेले. प्रतवारी लावायची माझी सवय तेव्हाही सुटली नाही. कोण खरं रडतंय, कोण पदर नुसता डोळ्यांना लावतंय, कोणाचं लक्ष घड्याळाकडं आहे, सगळं दिसत होतं. मला मात्र रडू आलं नाही. दुःख झालं असंही म्हणवत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर भूल देतात, तेव्हा हिरडीवरून जीभ फिरवली की जागा आहे एवढं कळतं, ती आपली वाटत नाही. तसं होतं ते. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

आमची एकुलती एक मुलगी स्नेहल बंगळूरला असते. तिची नोकरी तिथं, जावयांचीही तिथंच. सुतकाचे दिवस सरल्यावर तिनं न विचारता माझी बॅग भरायला घेतली.

‘मी न्हाय येणार,’ मी म्हणालो.

‘मग एकटं हितं काय करणार?’

‘राहणार.’

एवढाच आमचा वाद. तो दर आठ दिवसांनी फोनवर नव्यानं व्हायचा. चातुर्मास तोंडावर आला तेव्हा मी एक पळवाट शोधली. आमच्यात पावसाळ्याचे चार महिने मुनी एकाच गावात मुक्काम करतात, ओल्या जमिनीवरचे बारीक जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून. मी म्हटलं, ‘चातुर्मासात जागा सोडू नये, बाळ.’

‘ते महाराजांना, आप्पा. तुमी कधी दीक्षा घेतलासा?’

शेवटी तिनंच तोड काढली. म्हणाली, ‘एक कोर्स हाय. फुकट. बारा आठवड्यांचा, फोनवरच. सूर्याची वीज, वाऱ्याची वीज, शेणाचा गॅस, सगळं शिकवत्यात. दर आठवड्याचा पेपर तुमी वेळेत द्यायचा. म्हंजे मला कळंल, आप्पा जाग्यावर हायत. बारा पुरं केलासा तर बंगळूरचं नाव काढणार न्हाय. एक जरी राहिला, तर गाडी घिऊन येते आनि उचलून नेते.’ नाव नोंदवतानाच्या सगळ्या खटपटी तिनं केल्या आणि पत्ता म्हणून आपलाही ई-मेल देऊन ठेवला. पोरगी माझीच, विश्वास ठेवून मोकळी होणारी नाही.

अशा रीतीनं घर पणाला लागलं. घर तरी केवढं, तीन खोल्या, वर पत्रा, मागं हातभर मोकळी जागा आणि बोअर. त्यावर माझा फार जीव होता असंही नाही. हलावं इतकं काही वाटत नव्हतं, एवढंच मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. इथं असेतोवर विमल बस्तीत गेली आहे, बाजारात गेली आहे, असं काहीतरी धरून चालता येत होतं. बॅग उचलून उंबरा ओलांडला की ती गेली हे कायमचं ठरणार होतं. आणि ते ठरायला मी तयार नव्हतो.

शिकवणारी बाई कुठल्यातरी थंड देशातली होती. जाड लोकरी स्वेटर घालून ती सूर्याच्या उष्णतेबद्दल बोलायची. बोलणं इंग्रजीत, पडद्याखाली कन्नड अक्षरं. मी कन्नडमध्ये वाचायचो, मराठीत विचार करायचो आणि उत्तर इंग्रजीत लिहायचो. आमच्या भागातल्या माणसाला ही कसरत नवी नाही. अर्ज एका भाषेत, भांडण दुसरीत आणि देवाचं तिसरीत, असंच आमचं आयुष्य चाललेलं असतं. बाई सांगायची, दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊन. झाडांनी ते साठवलं, जमिनीनं पुरून ठेवलं, आपण शे-दोनशे वर्षांत उकरून जाळलं. मी वहीत लिहून घ्यायचो. अक्षर चांगलं यायचं. वखारीत पोत्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून माझं अक्षर वळणदार झालेलं आहे. मनात काही उमटत नव्हतं, पण वहीत सगळं जागच्या जागी उमटत होतं.

आणि बाहेर पाऊस. निपाणीचा पाऊस काही कोकणासारखा कोसळत नाही, तो रेंगाळतो. काडीपेटी सादळते, मिठाला पाणी सुटतं, वाळत घातलेला सदरा तिसऱ्या दिवशीही थंडगार लागतो. गावाबाहेरच्या वाफ्यांत तंबाखूची रोपं वीतभर झालेली असतात आणि ओल्या वखारींतून जुन्या मालाचा तो उग्र, गोडसर वास रस्त्यावर येतो. दर वर्षी यायचा, गेल्या वर्षीही आला असेल. मला तो आला नाही. ज्या नाकानं मी पानाची चिमूट चुरडून ते कुठल्या शिवारातलं हे सांगायचो, त्या नाकाला काही म्हणजे काही येईना. डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं. नाक उत्तम आहे म्हणाले.

हे मला कळलंही नसतं. कळलं ते शेजारच्या भारताक्कांमुळं. भारताक्का विमलच्या वयाच्या, दोघींचं बोलणं मागच्या भिंतीवरून चालायचं. विमल गेल्यावर रोज सकाळी दहा-साडेदहाला त्या डबा आणून ठेवायच्या. उन्हाळ्यात एकदा आत आल्या आणि नाकाला पदर लावून उभ्याच राहिल्या.

‘आप्पा, वास न्हाय व्हय येत तुमास्नी?’

‘कसला?’

‘कसला म्हंजे! फ्रिजमधलं दूध नासून घाण सुटलीया की. कवाचं हाय ह्ये?’

कधीचं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी फ्रिज रिकामा केला, सोड्यानं धुतला, बटण बंद करून दार उघडं टाकून गेल्या. वास जाऊ दे म्हणाल्या. तो बंद केलेला फ्रिज मी पुन्हा चालू केला नाही. पावसात ओल आली तेव्हा लक्षात आलं की घरात घट्ट लागणारं दार तेवढंच आहे. मग कोर्सच्या वह्या, आधार कार्ड, विजेची बिलं, गोळ्या, सगळं मी फ्रिजमध्ये ठेवू लागलो. कागद छान कोरडे राहायचे.

तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पेपर आला. ‘तुमच्या घरातला एक सर्वसाधारण दिवस घ्या. कुठल्या तासाला काय चालतं आणि काय जळतं ते लिहा, त्याचा आलेख काढा.’ मी वही घेऊन बसलो आणि भराभर लिहीत गेलो. पहाटे साडेचारला बोअरची मोटर. पाचला गिझर. साडेपाचला गॅस, आधी गाळलेलं पाणी उकळायला, मग दूध. नऊला मिक्सर, शेंगदाण्याची चटणी. दुपारी पंखा आणि टीव्हीवरची कन्नड मालिका. साडेचारला पुन्हा गॅस, कारण दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात. सहाला ताटं घासून पालथी. त्यानंतर एक दिवा, तासभर टीव्ही, नऊला घर शांत. आलेख काढला. पहाटे एक उंचवटा, दुपारनंतर एक, आणि संध्याकाळी सपाट मैदान. कुठंही खाडाखोड नाही. मिक्सर किती मिनिटं चालतो हेसुद्धा मला ठाऊक होतं. कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेल्या माणसाला हे सगळं भिंतीपलीकडून ऐकून पाठ झालं होतं.

या कोर्समध्ये पेपर बाई तपासायची नाही, विद्यार्थीच एकमेकांचे तपासायचे. माझा कुणा इंजिनिअरकडं गेला. त्यानं दहापैकी तीन गुण दिले आणि लिहिलं, ‘संध्याकाळी सात ते दहा या वेळेत प्रत्येक घरात विजेचा आणि इंधनाचा वापर वाढतो. या आलेखात तिथं काहीच नाही. माहिती प्रत्यक्ष बघून लिहिलेली नाही, मनानं रचलेली वाटते. कृपया खरोखर निरीक्षण करा.’

पास व्हायला पाच गुण लागत होते, त्याखाली पेपर पुरा धरला जात नव्हता. म्हणजे तीनवर गाडी बंगळूरला निघालीच. पण मी त्याकडं बघत बसलो नाही. ‘मनानं रचलेली’ या शब्दांकडं बघत बसलो. कारण त्याचं बरोबर होतं. असा दिवस या घरात चार महिन्यांत उगवला नव्हता. मोटर मी आठवड्यातून दोनदा लावत होतो, मिक्सरचं भांडं कोरडं पडलं होतं, गॅसवर कोळिष्टक धरलं होतं. मला माझ्या घरातला दिवस विचारला होता आणि मी विमलचा लिहून दिला होता. माझा खोटेपणा उघडा पडला होता, पण ज्या कारणासाठी त्यानं पकडला ते कारण साफ चुकीचं होतं. संध्याकाळी सातला आमच्या चुली थंड असतात हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार.

मीच सांगितलं. तक्रार करायची सोय होती तिथं लिहिलं की आम्ही जैन आहोत, आमच्या गावाकडं अशी शेकडो घरं आहेत, सूर्य मावळल्यावर आम्ही जेवत नाही, म्हणून आमचा स्वयंपाक उजेडातच होतो. आलेख खरा आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दोन दिवसांनी त्या इंजिनिअरनं माफी मागितली आणि थंड देशातल्या बाईनं माझा आलेख सगळ्या वर्गाला दाखवला. म्हणाली, ऊन असतं तेव्हाच ऊर्जा वापरायची, हे आपण जगाला आता शिकवू बघतोय, आणि या घरात ते पिढ्यान्पिढ्या चाललेलं आहे. नऊ गुण झाले. नाही नाही त्या देशांतल्या लोकांनी प्रश्न विचारले. थंडीत लवकर मावळतं तेव्हा काय करता? भूक लागत नाही का? पाहुणे उशिरा आले तर? मी विमल जशी उत्तरं द्यायची तशी दिली. पाहुण्यांना दूध द्यायचं आणि सकाळी भरपूर वाढायचं.

मी स्वतः तो नियम मोडला नव्हता, एवढं खरं. भारताक्कांच्या डब्यातली भाकरी कधी अकराला खायचो, कधी चारला, उरलेली तशीच राहायची. दिवस मावळल्यावर खायला घरात काही नसायचंच. दिवाही लावावासा वाटायचा नाही. बाहेर रस्त्यावरचा खांब लागायचा, त्याचा उजेड खिडकीतून यायचा, तेवढ्यात खुर्ची दिसायची. मी बसायचो. बस्तीतून महाराजांचं प्रवचन ऐकू यायचं, निम्मं कन्नड, निम्मं मराठी. जीव म्हणजे काय, अजीव म्हणजे काय. मी ऐकत होतो म्हणण्यापेक्षा ते माझ्या अंगावर पडत होतं.

आठवडे गेले. जलविद्युत झाली, पवनचक्की झाली, शेणाचा गॅस झाला. ढगाळ दिवशी छपरावरच्या पाट्या किती वीज देतात याचं गणित आलं, तेव्हा मी दारात उभा राहून आभाळाकडं बघितलं आणि उत्तर काढलं. बरोबर आलं. अकरा पेपर झाले. एकही उशिरा नाही. स्नेहल फोनवर म्हणायची, ‘आप्पा, तुमी तर पहिल्या नंबरात हायसा!’ तिचा आवाज महिन्यागणिक हलका होत चालला होता. मी बरा आहे अशी तिची खात्री पटत चालली होती. मलाही ते बरंच वाटत होतं. बरं वाटत होतं म्हणजे, गैरसोय होत नव्हती.

बारावा पेपर शेवटचा. ‘गेल्या बारा महिन्यांची विजेची बिलं घ्या आणि तुमच्या घरातला बदल दाखवा.’ आमच्याकडं ठराविक युनिटांपर्यंत वीज फुकट झाल्यापासून बिलाकडं कुणी बघत नाही. मीटर बघणारा येतो, यंत्रातून चिठ्ठी काढतो, खाली रक्कम शून्य. विमल तरी ती तारेला टोचून ठेवायची. तिच्यामागं मी ती फ्रिजमध्ये टाकत होतो. शून्य असलं तरी वरती युनिट छापलेले असतातच. मी बारा चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या. जानेवारीत ब्याण्णव. फेब्रुवारीत त्याच्या आसपास. मग एप्रिल पन्नास. जून तेहेतीस. आणि शेवटची, एकतीस. आलेख काढला तर मार्चपाशी कडा तुटल्यासारखी रेघ खाली आली आणि तिथून जमिनीलगत चालत राहिली.

मी ती रेघ बराच वेळ बघितली. एका माणसाचे एकसष्ट युनिट होतात, एवढाच विचार आला. दुसरा आला नाही. चौकटीत आकडे भरले आणि पाठवून दिलं.

उत्तर तासाभरात आलं. फोनच्या पडद्यावर हिरवी पानं वरून खाली झडायला लागली. ‘अभिनंदन! तुमच्या घरानं वर्षभरात विजेचा वापर दोन तृतीयांश कमी केला आहे. या तुकडीतली ही सर्वांत मोठी बचत आहे. तुम्ही हे कसं साधलंत? तुमची युक्ती इतरांना सांगा.’ खाली चौकट होती. कारण, आणि उपाय. उपाय नाही लिहिला तर पेपर पुरा होत नव्हता.

मी लिहिलं. फ्रिज बंद ठेवला. गिझर बंद केला, थंड पाण्यानं अंघोळ. मिक्सर बंद. मोटर आठवड्यातून दोनदा. टीव्ही बंद. संध्याकाळी दिवा न लावता रस्त्यावरच्या उजेडात बसतो. स्वयंपाक बंद केल्यानं गॅसचीही बचत होते. मग ‘कारण’ या चौकटीवर आलो. बोट तिथं थांबलं. तीन शब्दही पुरले असते. ते लिहिता येईनात. भाषेची अडचण नव्हती, तिन्हींत येत होते. शेवटी लिहिलं, ‘वापर गरजेपुरता केला,’ आणि बटण दाबलं.

धन्यवाद आले. कुणी लिहिलं, प्रेरणा मिळाली. कुणी लिहिलं, फ्रिजचा प्रयोग आम्हीही करून बघतो. पाठोपाठ प्रमाणपत्र आलं, वेलबुट्टीची चौकट आणि मध्ये माझं नाव. मी त्याचा फोटो स्नेहलला पाठवला. खाली लिहिलं, ‘बारा झाले.’ म्हणजे घर माझं राहिलं. उत्तर आलं नाही. कामात असेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. भारताक्का डबा घेऊन आल्या असतील म्हणून उघडलं, तर स्नेहल. खांद्याला ऑफिसची पिशवी, केस भिजलेले. कोर्सची पत्रं तिलाही जात होती, हे मी साफ विसरलो होतो. माझी युक्ती तिनं ऑफिसात बसून वाचली होती.

ती आत आली ती सरळ स्वयंपाकघरात. गॅसवरून बोट फिरवलं. मग फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात वह्या, मधल्यात बिलांची चळत, दारातल्या अंड्यांच्या खाचांत, जिथं विमल लिंबं ठेवायची, तिथं माझ्या गोळ्या. खालच्या भाजीच्या खणात माझा कोरडा सदरा. ती बघत राहिली आणि एकदम हसली. हसता हसता खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली.

‘आप्पा, ह्ये तुमी सगळ्या जगाला युक्ती म्हणून सांगितलासा?’

‘त्यांनी विचारलंतं.’

‘आनि कारण गरजेपुरता वापर?’

तिच्या डोक्यावर हात ठेवावा हे कळत होतं, म्हणून ठेवला. ओले केस हाताला लागले. मला वाटलं होतं आता ती बॅग भरायला घेईल. तिनं घेतली नाही. डोळे पुसून म्हणाली, ‘शब्द दिलाय, मी न्हाय काढणार विषय. पर चार दिवस राहणार. त्याला तर न्हाय म्हणू नगासा.’

त्या चार दिवसांत तिनं फ्रिज चालू केला. तो घरघरला तेव्हा मी दचकलो. घरात कुणीतरी आल्यासारखं वाटलं. पहाटे मोटर, सकाळी दूध, दुपारी साडेचारला गॅस. पण स्वयंपाक तिनं केला नाही, माझ्याकडून करवून घेतला. मी पाट मांडून बसलेला आणि ती मागं उभी. ‘आधी पाणी गाळून घ्या. कसं? फडकं दुहेरी. आता डाळ. हाताला कळतंय का किती?’ तंबाखूची चिमूट कळणाऱ्या हाताला डाळीची मूठ कळेना. आमटी खारट झाली. आम्ही दोघांनी ती मुकाट्यानं उजेडात खाल्ली. बंगळूर हा शब्द तिनं चार दिवसांत एकदाही उच्चारला नाही. मीही नाही. जिंकलेला माणूस जसा गप्प बसतो तसा मी गप्प बसलो होतो.

पाचव्या दिवशी तिला पोचवायला स्टँडवर गेलो. दसरा जवळ आला होता, पावसाची शेवटची सर पडून गेली होती. तिला बेळगावला जाऊन पुढं रेल्वे धरायची होती. गाडी लागलेली होती. तिची पिशवी वर ठेवायला म्हणून मी आत चढलो. पिशवी ठेवली. खिडकीपाशी ती बसली, शेजारची जागा रिकामी होती.

‘डाळीत मीठ शेवटी घाला,’ ती म्हणाली.

‘व्हय.’

‘रोज एक फोटो पाठवा ताटाचा.’

‘पाठवतो.’

कंडक्टरनं घंटी दिली. ‘आज्जा, उतरा आता, सुटली गाडी.’

मला उतरायचं होतं. पाय दाराकडं निघालेही होते. पण मी त्या रिकाम्या जागेवर बसलो. का बसलो ते मला ठाऊक नव्हतं. गाडी हलली, स्टँडचं वळण घेतलं, हमरस्त्याला लागली. स्नेहल माझ्याकडं बघत होती. गाडी तवंदीचा घाट चढायला लागली. मी पायाकडं बघितलं तर घरातल्याच रबरी चपला होत्या. किल्ली घरातच राहिली होती, म्हणजे दाराला नुसती कडी होती.

कंडक्टर तिकिटं देत मागून पुढं आला. ‘एल्लिगे री?’ त्यानं कुठं जायचं ते विचारलं. स्नेहलनं बेळगाव सांगितलं. बाईमाणसाला आमच्या राज्यात बस फुकट आहे, तिला शून्याचं तिकीट दिलं आणि माझ्याकडं वळला.

‘आज्जा, तुमचं कुठलं?’

मी म्हणालो, ‘हिच्यासंगट.’

‘हिच्यासंगट म्हंजे कुठं?’

मला उत्तर द्यायचं होतं. गावाचं नाव सांगायचं, एवढंच. तोंड उघडलं आणि बाहेर दुसरंच आलं. ‘विमल गेली,’ मी म्हणालो. कंडक्टरला म्हणालो की पोरीला, ते मला आजही सांगता येणार नाही. आवाज मोठा निघाला असावा, कारण पुढच्या बाकावरची माणसं वळली. ‘विमल गेली गं, स्नेहल. तुझी आई गेली. मला न्हाय राहवत त्या घरात एकट्याला.’ आणि मग ते सुरू झालं. सात महिने जे कुठं होतं ते मला माहीत नव्हतं, ते भर दिवसा, भरल्या गाडीत, अनोळखी माणसांच्या देखत बाहेर यायला लागलं. मला थांबवता येईना. स्नेहलनं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. ‘व्हय आप्पा,’ ती म्हणत होती, ‘व्हय, गेली.’

कंडक्टरनं बेळगावचं एक तिकीट काढलं, माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि पैसे न विचारता पुढच्या बाकाकडं गेला.